एक वीत

विमान आम्ही पाहिलं नाही, ऐकलं.
मे महिना, खिडक्यांना काळे कागद,
आणि छपरावरून एक घरघर गेली, लंगडी.
"चारातलं एक इंजिन बंद आहे," बाबा म्हणाले.
मग ती समुद्राच्या अंगाला गेली.
मग नव्हती.

सकाळी वाळूवर रबराची उलटी होडी
आणि एक थर्मास, झाकण घट्ट, आत चहा.
जर्मन शिपायानं तो हुंगला,
थोडा वेळ नुसता धरून उभा राहिला,
मग वाळूत ओतून दिला.

"असल्या विमानात सात जण असतात,"
दीपगृहावरचा औने म्हणाला.
तेवढ्यावर बाबांनी सात पेट्या करायला घेतल्या.
कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं.
फळ्याही समुद्रानंच आणून टाकलेल्या,
कुठल्याशा नॉर्वेजियन जहाजाचं पाइन,
मिठानं पांढरं पडलेलं,
त्यावर कंपनीच्या नावाची अर्धी अक्षरं.
माप कुणाचं घ्यायचं?
बाबा जमिनीवर आडवे झाले
आणि मला म्हणाले, डोक्यापाशी खूण कर.
मी नऊ वर्षांची. तोंडात खिळे धरायला
त्याच आठवड्यात शिकले.

समुद्र बुडवेगिरी करत नाही, असं आमच्या बेटावर म्हणतात,
फक्त हप्ते पाडून देतो.
पहिला अकराव्या दिवशी आला.
गळ्यातल्या चकतीवर नाव होतं, पेनहॅलो.
दुसऱ्याला पाद्रीबुवांनी वहीत "अनोळखी" लिहिलं,
मग आईला त्याच्या मोज्यावर दिसली
लाल लोकरीनं विणलेली दोन अक्षरं.
तिनं मोजे धुतले, वाळवले,
रफू केले,
आणि परत त्याच्या पायांत चढवले.
जूनमध्ये दोघे एकाच भरतीला आले.
पाचवा जाळ्यात. त्याबद्दल इथले कोळी
अजून बोलत नाहीत.
तो आठवडाभर गावात कुणी मासा खाल्ला नाही,
आणि त्या वर्षी
मासा सोडून खायला काही नव्हतं.

दोन पेट्या उरल्या.
एकीत शेवटच्या हिवाळ्यात बटाटे ठेवले,
बटाटे संपल्यावर तीच जाळली.
दुसरीला बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही.

लढाई संपून दोन वर्षांनी ती बाई आली,
ओलेना हाव्रिलुक, कॅनडातून,
चहूकडे गहूच गहू असतो अशा मुलुखातून.
समुद्र तिनं पहिल्यांदा बोटीवरून पाहिला होता
आणि त्याच्याकडे पाठ करून बसली होती म्हणे.
मुलगा ओरेस्ट, वायरलेसवर होता.
पाचही कबरींपाशी ती थांबली,
प्रत्येकीचं नाव बोटानं वाचलं,
मग बाबांकडे पाहिलं.

बाबांना तिची भाषा येत नव्हती.
त्यांनी शेडचं दार उघडलं.

ती पेटीपाशी गुडघ्यांवर बसली.
मला वाटलं, रडेल.
तिनं हात पसरला, अंगठा कडेला टेकवला
आणि मोजायला लागली,
डोक्याकडून पायांकडे, वीत वीत,
ओठांत कुठलेसे आकडे, इंग्रजी नव्हेत.
फळी संपली.
हात थांबला नाही.
हवेत आणखी एक वीत पडली.
तिथे तो जरा वेळ तसाच राहिला,
पसरलेला.

ती दुपारच्या बोटीनं गेली.
रात्री करवतीचा आवाज आला.
त्या साली लाकूड कार्डावर मिळायचं;
स्वयंपाकघरातलं एक फडताळ
सकाळी जागेवर नव्हतं.
आईनं कपबशा खिडकीत मांडल्या
आणि विषय काढला नाही.

सांधा अजून दिसतो.
पायाकडची फळी पिवळट, बाकीची पांढरी,
आणि पिवळ्या भागाला
एका बाजूनं खुंटीची दोन भोकं.

बाबा गेले त्या फेब्रुवारीत बर्फामुळे बोट बंद होती.
धाकटा सीब्रेन हळूच म्हणाला,
शेडमध्ये एक आहेच की. त्यांच्याच मापाची.

आई भांडी विसळत होती.
वळली नाही.
"नाही," म्हणाली,
"ती त्यांना मोठी होते."